डोळे मिटलेले होते

फिट म्हणजे काय, हे काकूंना कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तोच त्यांनी ती पाहिली. नवरा समोर बसून चहा पीत होता. हातातला कप सुटला, घशातून जनावरासारखा एक आवाज निघाला आणि एवढा धिप्पाड माणूस लाकडासारखा ताठ होऊन आडवा झाला. डोळे सताड उघडे, बुबुळं वर गेलेली, ओठ निळे. सासरच्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली होती. थोरल्या जावेनं नंतर कानाशी येऊन सांगितलं, "आम्हाला वाटलं, लग्न झालं की सुटेल." काकूंचा दादा त्यांना माहेरी न्यायला गाडी घेऊनच आला. काकू गेल्याही असत्या. पण शुद्धीवर आल्यावर नवऱ्यानं आधी विचारलं होतं, "तुला कुठं भाजलं नाही ना? चहा गरम होता." त्या एका वाक्यावर त्यांनी पुढची वीस-बावीस वर्षं संसार केला.

तो घरीच पुस्तकांची बांधणी करायचा. बाहेर नोकरी कोण देणार? काकूंनी गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान टाकलं, आणि सगळ्या गल्लीच्या त्या इस्त्रीवाल्या काकू झाल्या. फिट आली की हातातलं टाकून धावायचं, माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सारायचं, आणि तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. शेजारीपाजारी "चमचा घाला, चमचा घाला" करत जमा झाले की काकू म्हणायच्या, "तुमच्या तोंडात घालू का?"

मुलगी एकच. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी. पुढे ती बापाच्याही वर गेली, दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागली, तरी नाव बारकीच राहिलं. एकोणीस वर्षांची असताना, एका दुपारी, काकू दुकानात होत्या आणि घरात बाप-लेक दोघंच. बांधणीच्या टेबलाजवळ बापाला फिट आली. तो कापडाच्या गठ्ठ्यावर तोंड खाली करून पडला, आणि कुशीवर वळवायला कुणी नव्हतं. बारकी म्हणाली, ती अंघोळीला गेली होती. बाहेर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिला कुणी बोल लावला नाही. लावणार तरी काय? बारकीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिलं, आईला धरून बसवलं, सगळीकडे फोन केले. लोक म्हणाले, पोरगी खमकी आहे. काकूंनीही मनाशी ठरवलं, पोरीनं जे बघितलं ते बघितलं, आता उगाच खपली काढायला नको. टेबल विकलं, उरलेलं कापड देऊन टाकलं. त्या दुपारचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

बारकीला गाडी चालवायचा नाद होता. पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत ती टेम्पोवर लागली. एवढ्याशा गल्लीत टेम्पो उलटा घालताना आरशात न बघता घालायची, आणि बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली की वरून म्हणायची, "काका, बोटं काढा, गाडी लागेल." वर्षभर बरं चाललं. मग एके दिवशी गोदामातून फोन आला. काकू चपला न घालता धावल्या. पोत्यांच्या मधे बारकी पडलेली, हातपाय झाडत होती. बापाचं दुखणं लेकीच्या अंगात आलं, एवढंच त्यांना कळलं.

जवळच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला होतं?"

"वडिलांना."

"काय काय होतं फिटमध्ये?"

काकूंनी सांगितलं. ताठ होते, डोळे उघडे राहतात, वर जातात, ओठ निळे पडतात. त्यांना विचार करावाच लागला नाही, धड्यासारखं पाठ होतं. डॉक्टर मान हलवत लिहीत गेले. मेंदूचा आलेख काढला, त्यात "थोडंसं काहीतरी" दिसलं, आणि गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी फिट थांबल्या नाहीत. मग गोळ्या वाढवल्या. मग दुसऱ्या जोडल्या. बारकीचं अंग सुटलं, केस गळायला लागले, हात थरथरायला लागले. दुपारी बसल्या बसल्या झोपायची. लायसन्स तर पहिल्याच महिन्यात गेलं होतं. ज्याच्याशी लग्न करायचं म्हणत होती तो गोदामातला मुलगा दोन-चारदा भेटायला आला, मग फोनवर आला, मग तेही बंद झालं. काकूंचा दादा यायचा आणि खुर्चीत बसून म्हणायचा, "रक्तातच आहे ते. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार." काकू त्याला चहा द्यायच्या आणि मनात म्हणायच्या, पिऊन जा एकदाचा.

अशी पाच वर्षं गेली. फिट अर्धा अर्धा तास चालायला लागल्या तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं बारकीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, आणि काकूंनी पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला फिट डोळ्यांनी बघायचीय." बारकीला एका खोलीत ठेवलं. डोक्याला वायरीच वायरी चिकटवल्या, छताला कॅमेरा. बारकी आरशात बघून म्हणाली, "आई, मला आता टीव्हीला जोडणार वाटतं." काकू हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाचं ताट न्यायला बाई आत आली. तिच्या हातून ताट निसटून आपटलं, आणि थोड्याच वेळात बारकीला फिट आली. नर्स धावत आली, पण तिनं बारकीला घट्ट धरलं नाही की काही टोचलं नाही. नुसती शेजारी उभी राहून "आम्ही आहोत इथं, तुला काही होत नाहीये" असं म्हणत राहिली. काकू भिंतीला टेकून नवऱ्याच्या वेळी मोजायच्या तसे श्वास मोजत होत्या.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी काकूंना आपल्या खोलीत बोलावलं. बारकी आधीच तिथं बसली होती. "हिला मी सगळं सांगितलंय. तीच म्हणाली, आईलाही दाखवा." कॉम्प्युटरवर एका बाजूला बारकी दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला रेघाच रेघा. फिट सुरू झाली. काकू बघत राहिल्या. बारकीचं डोकं या कुशीवरून त्या कुशीवर जात होतं, नको नको म्हणावं तसं. हातपाय झाडायचे, थांबायचे, पुन्हा झाडायचे. आणि डोळे मिटलेले होते, घट्ट. मिटलेल्या पापण्यांतून पाणी ओघळून कानात जात होतं.

"डोळे मिटलेत," काकू म्हणाल्या.

"हो."

"मी तर उघडे असतात म्हणून सांगितलं तुम्हाला. सगळ्यांना तसंच सांगितलं. मी खोटं बोलले?"

"नाही हो. तुम्ही बघितलेलीच फिट सांगितलीत. फक्त ती हिची नव्हती, हिच्या वडिलांची होती."

पाच वर्षं काकू पोरीच्या उशाशी बसल्या होत्या, तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांना दिसत होता तो मेलेला नवरा.

डॉक्टरीणबाईंनी रेघांवर बोट ठेवलं. "नुसत्या डोळ्यांवरून आम्ही ठरवत नाही. पण मिरगीची अशी फिट आली की मेंदूत वादळ उठतं, या रेघा वेड्यावाकड्या होतात. हिच्या बघा. जाग्या माणसाच्या असाव्यात तशाच आहेत. ही मिरगी नाही, काकू. हे मनातून येतंय."

"म्हणजे सोंग?"

तो शब्द तोंडातून गेला आणि शेजारी बारकीनं मान खाली घातली.

"सोंग करणाऱ्याला आपण सोंग करतोय हे माहीत असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पायाखाली साप आला की अंगाला कापरं भरतं. ते आपण भरवतो का? हिचं तसंच आहे. साप दिसत नाही एवढंच. या फिट खऱ्या आहेत, हिच्या हातात नाहीत, आणि यावर इलाज आहे. पण तो गोळ्यांचा नाही. गोळ्या आपण हळूहळू कमी करू, एकदम सोडायच्या नाहीत. कुणाकुणाला दोन्ही असतं, तेव्हा आमचं लक्ष राहील. आणि एक बाई आहेत आमच्याकडे, त्यांच्याशी हिनं दर आठवड्याला बोलायचं."

हे सगळं काकूंनी ऐकलं, पण कानात राहिला तो आपलाच शब्द.

घरी येताना बारकी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी वेडी आहे." काकूंनी "नाही गं" म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात गेलेली पाच वर्षं फिरत होती. तो टेम्पो, तो मुलगा, गळून नाहीसे झालेले केस. चोर सापडला असता तर त्याला चार शिव्या तरी घातल्या असत्या. इथं कुणाला घालायच्या?

त्या आठवड्यात दादा आला आणि ऐकून म्हणाला, "बघ, मी म्हणतच होतो, लाडावून ठेवलीस." पाच वर्षं रक्ताला दोष देत होता, हे तो सोयीनं विसरला. काकूंनी या वेळी त्याला चहा दिला नाही. पण त्याचं बोलणं मात्र काट्यासारखं आत राहिलं. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात बारकी पुन्हा पडली. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. जवळ गेल्या नाहीत. फरशीवर डोकं या बाजूचं त्या बाजूला होत होतं, आणि काकूंच्या तोंडून आलं, "पुरे झालं आता, बारके. ऊठ की."

फिट थांबली नाही. उलट वाढली.

त्यानंतर बारकी आईशी कामापुरतंच बोलायला लागली. दर आठवड्याला त्या समुपदेशक बाईंकडे एकटी जायची, एकटी यायची. काय बोलणं होतं, काकूंनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. घरात दोघी असून घर मुकं झालं.

मग एक दिवस, उन्हं कलायच्या आधी, बारकी तिकडून परस्पर दुकानात आली. काकू शर्टाची कॉलर दाबत होत्या. बारकी कपड्यांच्या गाठोड्यावर बसली.

"आई, मला फिटमध्ये ऐकू येतं. प्रत्येक वेळी नाही, पण येतं. स्वयंपाकघरात तू 'ऊठ की' म्हणालीस ते ऐकलं मी."

काकूंचा हात थांबला. "बारके, माझं चुकलं गं. त्या दिवशी..."

"ते नाही सांगायला आले मी. मला त्या दिवशीपण ऐकू आलं होतं. बाबा पडले तेव्हा."

काकूंनी इस्त्री स्टँडवर ठेवली. हाताला सवय होती म्हणून ती ठेवली गेली.

"मी अंघोळीला नव्हते. आतल्या खोलीत होते. मैत्रिणीशी फोनवर बोलत होते, आम्ही फिरायला जायचं ठरवत होतो. धप्प आवाज आला. मला कळलं, बाबा पडले. आणि मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा. वैतागले मी, आई. मैत्रिणीला म्हटलं, काही नाही गं, तू बोल. म्हटलं, थांबतेच ना फिट, थांबली की जाऊ. आणि बोलणं संपवून मग गेले." ती श्वास घ्यायला थांबली. "नंतर केस ओले केले. तुला अंघोळीचं सांगता यावं म्हणून."

काकूंनी पोरीकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना तिची किळस आली. माझा नवरा गुदमरत होता आणि ही फिरायला जायचं ठरवत होती. एका भिंतीचं अंतर होतं. एका भिंतीचं!

"तू घरी जा," त्या म्हणाल्या. "मी येते."

बारकी गेली. काकूंनी कॉलर पूर्ण केली. मग दुसरा शर्ट घेतला, मग तिसरा. समोर ढीग होता तो सगळा संपवला. कुणी गिऱ्हाईक काही बोललं तर नुसती मान हलवली. आधी राग होता. तो राग हातातून कपड्यात उतरत गेला. मग एका फ्रॉकच्या चुण्या काढता काढता त्यांना दूध आठवलं.

घरी पोचल्या तेव्हा बारकी बाहेर पायरीवरच बसलेली होती. किल्ली तिच्या हातात होती, पण ती आत गेली नव्हती. काकू गुडघे धरत तिच्या शेजारी बसल्या.

"तू लहान होतीस," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "शाळेतही जात नव्हतीस. मी दूध तापवत होते. बाहेर तुझे बाबा पडले. आवाज ऐकला मी. आणि दूध वर आलं होतं. मी गॅस बंद केला आणि तिथंच उभी राहिले, दूध खाली बसेस्तोवर. भांडं झाकलं, मग गेले. आणि असं एकदाच नाही झालं, बारके. कधी भाकरी-पोळी तव्यावर होती म्हणून, कधी नुसता कंटाळा आला म्हणून. वीस वर्षं माणूस धावत नाही गं. पाय थकतात."

बारकी हातातल्या किल्लीकडे बघत होती.

"माझं प्रत्येक वेळी निभावलं. तुझं एकदाच नाही निभावलं. एवढाच आपल्या दोघींत फरक आहे."

"तू मला बोल, आई. शिव्या दे. काहीतरी बोल."

"दिल्या. दुकानात मनात दिल्या सगळ्या. आता उरल्या नाहीत."

बारकीच्या तोंडातून एक आवाज आला. काकूंना वाटलं, आता फिट येणार. त्यांनी हात पुढे केला. पण फिट आली नाही. बारकी रडायला लागली. डोळे उघडे ठेवून, तोंड वाकडं करून, लहान मुलासारखी हमसून हमसून रडायला लागली. बापासाठी ती पहिल्यांदा रडत होती. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली, बघितलं, आणि मुकाट्यानं आत गेली.

इथं गोष्ट संपून सगळं गोड झालं असतं तर बरं वाटलं असतं. तसं होत नसतं. फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. गोळ्या कमी करता करता सुटल्या, हातांची थरथर गेली, थोडेफार केस आले. लायसन्सचा अर्ज ऑफिसात अडकून पडला होता. तो गोदामातला मुलगा एका बाळाचा बाप झाला होता. तो रस्त्यात भेटला तर दोघं हसून हवापाण्यावर बोलले आणि आपापल्या वाटेनं गेले. घरी येऊन बारकी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली. गेलेली पाच वर्षं कुणी परत आणून देणार नव्हतं, आणि जागेपणी ती आता तिला स्पष्ट दिसत होती. गोळ्यांच्या गुंगीत निदान दिसत तरी नव्हती.

काकूंचंही काहीतरी उसवलं होतं. इतकी वर्षं एकाची फिट संपली आणि दुसरीची सुरू झाली, मधे रडायला सवडच मिळाली नव्हती. आता भांडी घासताना, पैसे सुटे करताना, मधेच त्यांना नवरा आठवायचा. त्याच्या बोटांना कायम चिकटलेली खळ, पुस्तकाची पाठ शिवताना ओठांत धरलेला दोरा. डोळे भरून यायचे आणि गिऱ्हाइकाला त्या म्हणायच्या, वाफ गेली डोळ्यांत.

बारकी दुकानात हाताशी यायला लागली होती. एका दुपारी रस्त्यावर कुणीतरी जड पेटी ट्रकमधून खाली टाकली. धप्प असा आवाज झाला. बारकीच्या हातातली घडी सुटली आणि ती कपड्यांच्या ढिगाशेजारी खाली गेली. काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि तिच्याजवळ फरशीवर मांडी घालून बसल्या. धरलं नाही. पाठीवर फक्त तळहात ठेवला. "मी आहे इथं, बारके. पेटी पडली गं रस्त्यावर. पेटीच पडली."

तेवढ्यात एक म्हातारा गिऱ्हाईक सदरे न्यायला आला आणि दारातच थबकला. "अहो, काय झालं हिला? डॉक्टरला बोलवू का?"

"नको," काकू म्हणाल्या. "तिचे वडील गेलेत."

"अरेरे! कधी?"

"झाली बरीच वर्षं."

म्हाताऱ्याला काही कळलं नसावं. पण त्यानं पुढं विचारलं नाही. तो बाकावर टेकला आणि सदऱ्यांची वाट बघत बसून राहिला. काकू पोरीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत बोलत राहिल्या, हळू आवाजात, पेटीबद्दल, ट्रकबद्दल, मग तिच्या बाबांबद्दल.